पंधरावा हिस्सा

वडिलांची शेतजमीन मुलाबाळांच्या नावावर होताना सरकारला किती कर भरावा लागतो, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर सोपं निघालं. एक रुपयाही नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वारसा करावरून एवढी राळ उडाली होती की असा कर आहे, किंवा येऊ घातलाय, असं माझ्यासारख्या पुष्कळांच्या डोक्यात बसलं होतं. तो होता, पण कधीच गेला. १९५३ च्या कायद्याने आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर इस्टेट ड्युटी बसायची. मोठ्या इस्टेटींसाठी तिचा दर ८५ टक्क्यांपर्यंत चढला होता. विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना, मार्च १९८५ मध्ये ती उठवली गेली, कारण वसुली थोडी आणि ती करण्याचा खटाटोप मोठा. शेतजमिनीच्या वारशावर कर लावण्याचा अधिकार तर घटनेने राज्यांच्या सूचीत ठेवलेला आहे आणि महाराष्ट्र तो लावत नाही. वारशाने आलेली जमीन आयकरातही उत्पन्न म्हणून धरली जात नाही.

कर नाही हे कळल्यावर उरलं काय, तर मृत्यूचा दाखला, एक अर्ज आणि सातबाऱ्यावर नावं. मी पुण्यात शाळेत गणित शिकवते. अर्ज, दाखले, प्रती यांची मला सवय आहे. पण आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, जमिनीचा सातबारा पहिल्यांदा नीट वाचायला घेतला आणि त्यात आण्णांचं नावच सापडेना.

आमचं गाव माणदेशातलं. शाळू, बाजरी, मटकी, आणि विहिरीला पाणी टिकेल तेवढ्या तुकड्यात डाळिंब. ते रान आण्णांनी उभं आयुष्य केलं. थोरले काका, आमचे तात्या, ऐन तारुण्यात माथाडी कामाला मुंबईला गेले आणि आत्ता म्हातारपणी परत आले. तिन्ही आत्या लग्न होऊन आपापल्या गावी. म्हणजे नांगरट, पेरणी, राखण, विहिरीचा गाळ काढणं, सगळं आण्णा आणि आईचं. माझा धाकटा भाऊ चाकणला कंपनीत लागला तेव्हापासून दोघंच.

आण्णा २०२५ च्या जानेवारीत गेले. एप्रिलमध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. बुलडाणा जिल्ह्यात आधी करून पाहिलेली ही मोहीम महसूल खात्याने सगळीकडे नेली. जे खातेदार मरण पावले पण ज्यांची नावं सातबाऱ्यावर तशीच आहेत, त्यांच्या वारसांची नोंद करून घ्यायची, असा तिचा हेतू. सुरुवात चावडी वाचनाने. मयत खातेदारांची यादी गावासमोर वाचायची. मी मुद्दाम रजा काढून गेले होते. यादी बरीच लांब होती. कुणाचा आजा, कुणाचा पणजा, काही नावं तर अशी की जमलेल्या म्हाताऱ्यांनाही हा कोण ते आठवावं लागलं. आण्णांचं नाव वाचलं गेलं नाही. खातेदारच नव्हते, मग मयत खातेदार कसे असतील?

त्या दुपारी कार्यालयात बसून तलाठी भाऊसाहेबांनी मला आमचा उतारा ओळीओळीने समजावून दिला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. वर गट क्रमांक, त्याशेजारी भूधारणा पद्धती ‘भोगवटादार वर्ग १’, म्हणजे विकण्यावर सरकारी अट नसलेली जमीन. ‘शेताचे स्थानिक नाव’ असाही एक रकाना होता आणि तो कोरा होता. आण्णा त्या रानाला ‘वरली पट्टी’ म्हणायचे. क्षेत्र २ हेक्टर १४ आर. आर म्हणजे जवळजवळ गुंठाच, तेव्हा सव्वापाच एकर. थोडा पोटखराबा. आकार, म्हणजे शेतसारा, काही रुपये काही पैसे. पाच एकर जमीन वर्षाला सरकारला देते ती रक्कम चहाच्या एका फेरीत संपावी एवढी. खाली कब्जेदाराच्या जागी तात्यांचं नाव, पुढे ‘ए.कु.म.’. एकत्र कुटुंब मॅनेजर. आणि उजवीकडे, ‘इतर अधिकार’ या रकान्यात, सोसायटीचा बोजा, विहिरीची नोंद, आणि त्यांच्या खाली आमच्या तिन्ही आत्यांची नावं.

बोजा, विहीर आणि बहिणी एकाच रकान्यात. मी ते कितीतरी वेळ बघत राहिले. भाऊसाहेब म्हणाले, “ताई, जुन्या नोंदी अशाच आहेत. मुलींना कब्जेदार सदरी घ्यायचं नाही, इतर हक्कात टाकायचं, अशी पद्धतच पडली होती.” पद्धत होती. कायदा नव्हता.

उताऱ्यावरचं प्रत्येक नाव कुठल्या तरी फेरफाराने आलेलं असतं आणि त्या फेरफाराचा क्रमांक नावाशेजारी लिहिलेला असतो, हेही मला तिथेच कळलं. आमचा होता १९८७ चा. त्याची नक्कल अभिलेख कक्षातून काढली. शाईने लिहिलेलं, वळणदार, घाईतलं अक्षर. आजोबा मयत झाले. वर्दी मोठ्या मुलाने दिली. वारस म्हणून विधवा पत्नी, मुलगे दोन, मुली तीन. सहाच्या सहा माणसं त्या कागदावर हजर होती. आजीचा अंगठाही होता. आणि शेवटच्या दोन ओळींत सहाचं एक केलेलं होतं: वारस क्रमांक अमुक यांचं नाव एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून कब्जेदार सदरी घ्यावे, मुलींची नावे इतर हक्कात ठेवावीत. आजी आणि आण्णा या दोघांची नावं तिथून पुढे कुठल्याच रकान्यात गेली नाहीत.

तात्यांविषयी एक गोष्ट आधी लिहून ठेवते. एवढी वर्षं सव्वापाच एकर कागदावर एकट्याच्या नावाने असूनही त्यांनी कधी वाकडं पाऊल टाकलं नाही. सोसायटीच्या पीककर्जाला सह्या करायला ते मुंबईहून येत आणि उचललेला पैसा आण्णांच्या हातात देऊन परत जात. पण चांगुलपणाने सगळं भागत नाही. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये आण्णांना कधी मिळाले नाहीत, कारण खातं त्यांच्या नावावर नव्हतं. दुष्काळाचं अनुदान आलं तर ते खातेदाराच्या नावे. आणि आता शेतकऱ्यांचा फार्मर आयडी निघतो तोही सातबाऱ्यावरच्या नावावरून. ज्याने रान केलं तो माणूस सरकारच्या हिशेबात शेतकरी नव्हता. माझ्या आईचं तर बोलायलाच नको.

आता प्रश्न आला कुणाचा हिस्सा किती. गावात याची उत्तरं तयार असतात. “२००५ च्या आत लग्नं झालेल्या लेकींना काय मिळत न्हाय,” हे मला निदान चार जणांनी ठामपणे सांगितलं. तो समज चूक आहे, आणि तो मोडून काढायला मला एका वकील मैत्रिणीची मदत लागली. तिने पहिला प्रश्न विचारला: जमीन वडिलोपार्जित की आजोबांनी स्वतः घेतलेली? आईच्या ट्रंकेत १९६१ चं खरेदीखत निघालं. आजोबांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली. मग १९५६ चा हिंदू वारसा कायदा सरळ लागू. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत विधवा, मुलगा, मुलगी आणि आई सगळे सारख्या हिश्शाने येतात. मुलीचं लग्न झालं की नाही हे तिथे कुणी विचारत नाही. हा हक्क आत्यांना २००५ मुळे मिळालेला नाही, आजोबा गेले त्याच क्षणी मिळालेला आहे. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित मालमत्तेसाठी आहे: तिच्यात मुलगी जन्मापासून मुलाइतकीच हिस्सेदार. आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असले पाहिजेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. ज्यांची जमीन पिढीजात आहे त्यांनी हे कागदावर लिहून भिंतीला लावावं.

मग मी वहीचं पान घेतलं. आजोबांचे सहा वारस, प्रत्येकाला एक षष्ठांश. आजी १९९८ साली गेली. तिचा एक षष्ठांश पाच मुलांत, म्हणजे प्रत्येकी एक तीसांश. एक षष्ठांश अधिक एक तीसांश, बरोबर एक पंचमांश. तात्या, आण्णा, तीन आत्या, प्रत्येकी पाचवा हिस्सा. आण्णांचा पाचवा हिस्सा आई, मी आणि भाऊ यांच्यात. एक पंधरांश प्रत्येकी. वडिलांकडून असा मिळालेला हिस्सा मुलाची स्वतंत्र मालमत्ता असतो, नातवंडांचा त्यात जन्मतः वाटा नसतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात सांगितलेलं. म्हणून हा हिशेब इतका स्वच्छ निघाला. पंधरांश म्हणजे चौदा आर आणि थोडं वर.

गणित मुलांना शिकवताना मी अपूर्णांकांना कधी घाबरले नाही. हे आकडे मात्र पोटात कालवणारे होते. ज्या बाईने चाळीस वर्षं त्या रानात खुरपणी केली, विहिरीवर रात्रीची मोटर धरली, शाळू काढून काढून जिच्या बोटांना भेगा पडल्या, तिला पंधरावा हिस्सा. आणि अठराव्या वर्षी गाव सोडून शिकायला गेलेल्या मलाही तेवढाच. कायदा नातं मोजतो, कष्ट मोजत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली होती: नवऱ्याने हयातीतच बायकोचं नाव जमिनीवर लावावं. पुढे १९९२ मध्ये सरकारनेही पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. आमच्या घरात हे करता आलं असतं का? ज्याचं स्वतःचंच नाव उताऱ्यावर नाही, तो बायकोचं कुठून लावणार? एक नोंद अडली की तिच्यामागची प्रत्येक नोंद अडते.

वारस नोंदीचं काम फारसं अवघड नाही, हे सांगायलाच हवं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते आणि नातं, स्वयंघोषणापत्र, आधार. ऑनलाइन अर्जही चालतो. आधी वारस नोंदवहीत, गाव नमुना ६ क मध्ये नोंद, मग चौकशी, मग नमुना ६ मध्ये फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, शेवटी मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणीकरण. यासाठी कोर्टातून वारस दाखला आणायलाच हवा असं नाही. सगळ्यांनी एकमताने वारस सांगितले आणि कुणी हरकत घेतली नाही तर तलाठी पातळीवरच काम होतं. वाद असेल तर मात्र कोर्टाची पायरी. तो वारस दाखला आजही १८२७ च्या मुंबई विनियमाखाली दिला जातो, हे वाचून मी थक्क झाले. एल्फिन्स्टनच्या काळातला नियम माझ्या आण्णांच्या चौदा-चौदा आरांना लागू.

आमचं प्रकरण थोडं वेगळं. आधी ए.कु.म. शेरा काढून आजोबांचे सगळे वारस कब्जेदार सदरी आणायचे, आणि मग आण्णांच्या जागी आम्ही तिघं. त्यासाठी आत्यांच्या सह्या आणि जबाब हवे होते. इथे बहुतेक घरांत होतं ते आमच्याही घरात सुचवलं गेलं. भावकीतले एक काका म्हणाले, “तिघींकडनं हक्कसोड घ्या. साडीचोळी करा. उगं नावं वाढवून काय करायचं?” हक्कसोडपत्र रक्ताच्या नात्यात ५०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की संपलं. पुन्हा मागे फिरता येत नाही. लाखो रुपयांची जमीन एका सहीत जाते आणि सही करणारीला बऱ्याचदा कागदात काय आहे हे वाचूनही दाखवलं जात नाही. मी ते करायला तयार नव्हते. भाऊही नव्हता. तात्या गप्प होते, मग म्हणाले, “त्यांना इचारा. त्या म्हणतील तसं.”

थोरल्या आत्याला काही नको होतं. धाकटी म्हणाली, बघू. मधली आत्या मात्र सातबाऱ्याची प्रत हातात घेऊन आपल्या नावावर बोट ठेवून बसली. ती विधवा. सासरच्या जमिनीवर नवरा गेल्यावर मुलांची नावं लागली, तिचं राहिलं. कायद्याने तिथेही तिचा मुलांइतकाच वाटा, पण लावायला कुणी गेलं नाही. ती म्हणाली, “तिकडं पोरांची नावं. हिकडं मी हिरीच्या खाली. मला जमीन कसायची न्हाय गं. पर एका तरी कागदावर मी मालक म्हणून दिसू दे.” तिला मी दोन्ही उताऱ्यांसाठी अर्ज करून द्यायचं कबूल केलं, आणि तिच्या सासरचा अर्ज आधी दिला. तिचे मुलगे आढेवेढे न घेता सहीला आले, त्याचं मला बरं वाटलं. हक्कसोड कुणीच केलं नाही.

नावं लागणं आणि जमीन वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात आणि वाटणीच्या भीतीने नावंच लावत नाहीत. नाव लागलं म्हणजे बांध पडला असं नव्हे. जमीन सामाईकच राहते. बांध घालायचा तर तुकडेबंदी कायदा आडवा येतो. १९४७ चा तो कायदा ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा पाडू देत नाही. २०२३ पासून राज्यभर ते प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. माझे चौदा आर जिरायत धरले तर वेगळे निघूच शकत नाहीत, बागायत धरले तर निघतात. म्हणजे सगळं त्या विहिरीवर आलं. तात्यांचा किंवा एकेका आत्याचा पाचवा हिस्सा, बेचाळीस आर, कुठल्याही हिशेबात बसतो.

हा कायदा मला आधी जाचक वाटला होता, आता वाटत नाही. कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर उरलं. माझ्या मुलीच्या पिढीत हा पंधरांश आणखी फुटेल. चौदा गुंठ्यांत बैलजोडी वळवायलासुद्धा जागा पुरत नाही. आमच्यासारख्या घरांना वाचवायचं तर नावं सगळ्यांची हवीत आणि रान एकत्र हवं. मालकी सात जणांची, कसणं एकाच हाताने, पिकाचा वाटा आधी ठरवून लिहिलेला. गावात असं करणारी घरं आहेत, आणि त्यांच्यात भांडणं नसतात असं नाही, पण जमीन पडीक पडत नाही.

मी माझा हिस्सा आईच्या नावे सोडावा असं माझ्या मनात होतं. तिच्यासमोर विषय काढला तेव्हा ती शेंगा फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, “सोडू नगं. नाव असू दे. रान मी करते, पीक माझं. तू फक्त हिशेब मागू नगंस.” हा करार मला मान्य आहे. तो मी एका साध्या कागदावर लिहून काढला, भावाची आणि माझी सही केली, आणि खरेदीखत निघालं त्या आईच्या ट्रंकेत ठेवला.

फेरफार मंजूर झाला. आता कब्जेदार सदरी सात नावं आहेत, इतर अधिकारात फक्त बोजा आणि विहीर. ई-पीक पाहणी आईच्या मोबाईलवरून भाचीने करून दिली, बाजरी आणि मटकी. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा उतारा, नमुना ८, अजून आजोबांच्याच नावाने आहे. त्याचा अर्ज दिलाय. तात्यांचं म्हणणं, आपल्या डोळ्यांदेखत पाच हिश्श्यांचं वाटणीपत्र व्हावं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक १०० रुपये लागतो, आणि २०२५ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने त्याची नोंदणी फीही माफ करायचं ठरवलं, त्यामुळे खर्चाची अडचण नाही. अडचण पाण्याची आहे. विहीर तात्यांच्या बाजूला येते, डाळिंब आईच्या. दिवाळीला तिन्ही आत्या आल्या की आधी पाण्याच्या पाळ्या ठरवायच्या आणि त्या वाटणीपत्रात लिहायच्या, मोजणीचा अर्ज त्यानंतर.